मायकल हेजेस 'न्यू एज'वाला? हा शिक्का मारला कुणी?

तारछेड

गिटारवादक मायकल हेजेसचं नाव काढलं की समोरचा म्हणतो, "तो न्यू एजवाला ना? ध्यानाला लावतात ते?" परवा पुन्हा तेच ऐकलं आणि डोकं सटकलं, म्हणून हा धागा.

हा गडी बाल्टिमोरच्या पीबॉडी कॉन्झर्व्हेटरीत रीतसर कंपोझिशन शिकलेला. कानात लिओ कॉटकीची गिटार, अभ्यासाला विसाव्या शतकातलं आधुनिक पाश्चात्त्य संगीत, आणि अंगात रॉक. त्याला रेकॉर्ड करायला घेतलं विंडहॅम हिलने. विल एकरमन या गिटारवादकानेच १९७६ साली काढलेली ही कंपनी. तिथून 'ब्रेकफास्ट इन द फील्ड' (१९८१) आणि 'एरियल बाउंडरीज' (१९८४) निघाले. पण त्याच कंपनीचा जॉर्ज विन्स्टन शांत पियानोवर तुफान खपत होता. एकच कंपनी, तीच ती निसर्गचित्रांची कव्हरं, मग दुकानदारानेही दोघांना एकाच खणात कोंबलं.

'एरियल बाउंडरीज' हा त्या अल्बमचा पहिलाच तुकडा हेडफोन लावून ऐका. डावा हात तारा ठोकून आणि ओढून खालची ओळ चालती ठेवतो, उजवा फ्रेटबोर्डवर, म्हणजे गिटारच्या मानेवर येऊन वरचे सूर आपटतो. कुठला सूर कधी गप्प करायचा याचाही हिशोब चोख. दोन-तीन जण वाजवताहेत असं वाटतं, पण माणूस एक आणि गिटारही एकच. हे झोप यावी म्हणून लावायचं? तो स्वतःच आपल्या संगीताला गमतीने 'हेवी मेंटल', 'व्हायोलंट अकूस्टिक' म्हणायचा. एवढा इशारा पुरे नव्हता का?

खणखणीत

साफ असहमत. शिक्का चुकीचा होता, कबूल. पण त्याच शिक्क्याने त्याला श्रोता दिला, ते सोयीस्करपणे विसरू नका. शब्द नसलेलं, ना धड फोक ना धड जॅझ, नुसत्या अकूस्टिक गिटारवरचं काम. ऐंशीच्या दशकात कुठल्या रॉक स्टेशनने लावलं असतं? विंडहॅम हिलचे चाहते कंपनीचं नाव बघून रेकॉर्ड उचलायचे, आत कोण वाजवतोय हे नंतर कळायचं. त्या गर्दीत हेजेसही पोचला. त्याच्या 'ओरॅकल' अल्बमला १९९८ साली ग्रॅमी मिळालं तेही न्यू एज विभागातच. ज्या फांदीवर बसलात तीच कापायची?

तारछेड

ते ग्रॅमी घ्यायला तो होता कुठे? डिसेंबर १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात गाडीच्या अपघातात गेला, वय ४३. आणि ग्रॅमीत हा विभागच १९८७ पासून सुरू झाला. म्हणजे त्याचं सगळ्यात धाडसी काम बाजारात येऊन काही वर्षं झाली, मग खण तयार झाला आणि त्याला उचलून त्यात ठेवलं. श्रोता मिळाला म्हणता, पण कोणता? ज्याला पार्श्वसंगीत हवं होतं तो. ज्या पोरांनी इलेक्ट्रिक गिटारवरच्या टॅपिंगसाठी (तेच, उजव्या हाताने फ्रेटबोर्डवर सूर आपटणं) व्हॅन हेलन डोक्यावर घेतला, ती त्या खणाकडे फिरकलीसुद्धा नसणार.

बेसूर

मी खरंच ध्यानासाठी लावलं होतं एकदा. दुसऱ्या मिनिटाला डोळे उघडून यूट्यूबवर त्याचे हात शोधत होतो.

पाचवी तार

दोघेही कंपनीवर अडकलात. थोडं वादकाच्या बाजूने सांगते. 'एरियल बाउंडरीज'चं ट्यूनिंग खालून वर सी-सी-डी-जी-ए-डी असं आहे. सहावी तार नेहमीच्या ई वरून खाली सी ला सोडायची आणि पाचवी ए वरून *वर* सी पर्यंत ताणायची. माझी पहिल्याच प्रयत्नात तुटली. (आयडी तिथूनच आलाय.) हात बसायला महिने गेले, आणि अजूनही तो डावा हात एकट्याने बोलत नाही.

पण हेजेस बिचारा निव्वळ बळी होता हे मला पटत नाही. 'एरियल बाउंडरीज'नंतर वर्षभरात त्याने 'वॉचिंग माय लाइफ गो बाय' काढला. त्यात तो गातो! पुढे लाइव्ह अल्बममध्ये बीटल्सचं 'कम टुगेदर' एकट्या गिटारवर. शिवाय जादा तारांची हार्प गिटार, ती वेगळीच. त्याला कुठल्याच खणात बसायचं नव्हतं. मग विकणाऱ्याने काय करावं? आणि खरं सांगू, त्याच्या गाण्यांपुढे मला त्याची गिटारच जास्त बोलकी वाटते. मारा आता.

खणखणीत

+१. माझा मुद्दा माझ्यापेक्षा बरा मांडलात. तारछेड, शिक्का नको म्हणणं सोपं आहे. दुकान तुमचं असतं तर रेकॉर्ड ठेवली कुठे असती?

तारछेड

गाण्यांबद्दल भांडण राखून ठेवतो, त्याला वेगळा धागा लागेल. आणि कुठल्याच खणात बसायचं नव्हतं म्हणता, मग शांततेच्याच खणात का? तिथे तो सगळ्यात कमी बसत होता.

बाकी उत्तर सोपं आहे. 'गिटार' अशी पाटी लावायची आणि आडनावाने रचायचं. 'एच' खाली, हेंड्रिक्सच्या शेजारी.

बेसूर

स्पेलिंगने हेजेस आधी येतो. हेंड्रिक्सवाले आता नवीन धागा काढणार.