छापखान्याने ज्ञान खरंच खुलं केलं का?

शिळाछाप: माझ्या मते मराठी मुलखात ज्ञानाची मक्तेदारी मोडायला सुरुवात केली ती छापखान्याने. 1831 मध्ये मुंबईत गणपत कृष्णाजींनी पंचांग छापलं. जातीने भंडारी, ख्रिस्ती मिशनच्या छापखान्यात राहून कसब उचललेलं. शाईत चरबी असते म्हणून सोवळ्यातली माणसं छापील कागदाला शिवत नसत, तर यांनी तूप घालून शाई केली! तोवर तिथी विचारायलासुद्धा जोश्याचं दार गाठावं लागे.

गोदाकाठ: पंचांग हाती आलं, पण वाचता किती जणांना येत होतं? ज्ञानेश्वरी 1845 मध्ये शिळाप्रेसवर, म्हणजे दगडावरून छापून, निघाली. वारकरी तिच्यासाठी थोडेच खोळंबले होते? ऐकून ऐकून ओव्या पाठ होत्या. आणि नुसत्या यंत्राने काय होतं ते गोव्यात बघा. 1556 पासून छापखाना, 1616 मध्ये फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण हे ख्रिस्तकथेचं मराठी काव्य छापलं तेही रोमन लिपीत, आणि 1684 मध्ये पोर्तुगीज सरकारने लोकांच्या भाषेवरच बंदी आणली. दार उघडलं ते शाळेने.

शिळाछाप: गोव्यात छापखाना पाद्र्यांच्या हाती होता, मुंबईत तो एका भंडाऱ्याच्या हाती आला. फरक तिथेच पडला. शिवाय ऐकणाऱ्याला कीर्तनकार सांगेल तो अर्थ. पोथी घरात असली की ओवी स्वतः पडताळता येते.

सावली: तुम्ही दोघंही ज्ञान वरून खाली येण्याबद्दलच बोलताय. मुक्ता साळवे आठवा. मातंग समाजातली मुलगी, फुल्यांच्या शाळेत शिकलेली. तिचा निबंध 1855 मध्ये ‘ज्ञानोदय’ या मिशनच्या पत्रात छापून आला. वेद ज्यांना बघायचीही मुभा नाही त्यांचा धर्म कोणता, हे तिने विचारलं. शाळेशिवाय ती लिहू शकली नसती हे खरं, पण छापलं गेलं नसतं तर तो निबंध वर्गातच राहिला असता. मला तो आज वाचतानाही भरून येतं.

गोदाकाठ: सावली, निबंधाबद्दल दुमत नाही. पण तो छापायचा की नाही हे मिशनच्या पत्राने ठरवलं. जोतीरावांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’चं काय झालं? 1883 मध्ये लिहून तयार. ‘दीनबंधू’ या सत्यशोधकांच्या पत्रात दोन भाग आले, पुढचे संपादकांनी छापले नाहीत. पुस्तक म्हणून तो त्यांच्या हयातीत निघालाच नाही, तेही पुण्या-मुंबईत छापखाने जोरात चालू असताना. जुन्नर, ओतूर, हडपसरला जोतीरावांनी तो स्वतः वाचून दाखवला. शेतकऱ्याने असूड ऐकला, वाचला नाही.