मदत हवी आहे: हेस्टिंग्जांचा वारस ग्रे कसा?

पेम्ब्रोकच्या अर्लांची (इंग्लंडमधल्या सरदारांची) वंशावळ जुळवतो आहे. तरुण अर्ल जॉन हेस्टिंग्ज ३० डिसेंबर १३८९ला वुडस्टॉक इथे भाल्यांच्या झुंजीत दगावला, मूलबाळ नव्हतं. हेस्टिंग्ज घराण्याच्या दुसऱ्या शाखेतले ह्यू आणि एडवर्ड हे दोघे भाऊ हयात असताना वारसा सांगतो रेजिनाल्ड ग्रे, तोही आजीकडून. वंशावळ चुकली आहे का?

प्रतिसाद १
वंशावळ बरोबर आहे, फक्त सख्खं-सावत्र बघा. १३१३ला वारलेल्या जॉन हेस्टिंग्जची दोन लग्नं झाली. पहिली बायको इझाबेल द व्हॅलेन्स. मुलं जॉन आणि एलिझाबेथ. दुसरी इझाबेल डिस्पेन्सर, मुलगा ह्यू, तुमच्या ह्यू-एडवर्डचा पूर्वज. अर्ल हा पहिल्या बायकोच्या मुलाचा, म्हणजे धाकट्या जॉनचा पणतू. त्याला एलिझाबेथची ग्रे शाखा सख्खी, ह्यूची सावत्र. तेव्हाच्या इंग्रजी कायद्यात सावत्र नात्याने जमीन मिळत नसे. ही आडकाठी १८३३च्या कायद्याने गेली. दोन्ही बायकांचं नाव इझाबेल, म्हणून नक्कल करताना त्यांची एकच बाई केली की ग्रेचा हक्क अनाकलनीय होतो. आधी प्रत्येक मुलापुढे आईचं माहेर लिहा.

मात्र जमीन फक्त पुरुष-वंशासाठी बांधून दिली असेल तर तिथे हिशेब उलटतो. प्रत्येक जहागिरीचा दस्त वेगळा वाचा.

प्रतिसाद २
मृत्यूनंतरच्या वारस-चौकश्या लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये, राजा दुसऱ्या रिचर्डच्या काळासाठी सी १३६ मालिकेत आहेत. प्रत्येक काउंटीची चौकशी वेगळी, पंचही वेगळे, सगळ्या काढा. 'रिचर्डचं १३वं वर्ष' म्हणजे २२ जून १३८९ ते २१ जून १३९०. त्यात जुन्या हिशेबाने नवं साल २५ मार्चला लागतं, त्यामुळे जानेवारी १३९०ची चौकशी '१३८९' दिसते आणि मृत्यूच्या आधीची वाटते. 'कन्सॅन्ग्विनियस' (लॅटिन, रक्ताचा नातेवाईक) म्हणजे चुलतभाऊच असं धरू नका, नातूही असतो. वारसाचं वय 'इतकी वर्षं आणि अधिक' असं ठोकळ मानाने लिहितात. २१ वर्षांखालचं वय जास्त भरवशाचं, कारण पालकत्वाचे पैसे त्यावर ठरत.

मूळ प्रश्नकर्ता
आभार. ग्रे विरुद्ध हेस्टिंग्ज खटल्यातल्या साक्षी किती धराव्यात?

प्रतिसाद १
१४०१ ते १४१० चाललेला तो वाद सोनेरी ढालीवरच्या लाल बाहीच्या कुलचिन्हाचा. साक्षीदार आपापल्या बाजूचे, म्हणून नात्यासाठी त्यांना एकटं धरू नका. ज्या साक्षी दोन्ही पक्षांना सोयीच्या नाहीत तरी दोघांनी मान्य केल्या, त्या आधी उचला. निकाल ग्रेच्या बाजूने लागला. एडवर्डने खर्च द्यायला नकार दिला आणि तो कैदेत गेला: पैसे भरणं म्हणजे ग्रेचा हक्क कबूल करणं झालं असतं.