ट्रॅक्टरचं ऑइल कारमध्ये?
खानापूरच्या भाऊंनी विचारलंय, ट्रॅक्टरचं उरलेलं १५डब्ल्यू-४० (हा जाडीचा ग्रेड) इंजिन ऑइल पेट्रोल कारला चालेल का? इंजिन लगेच बसणार नाही, पण ओतू नका ओ. डिझेलच्या ऑइलमध्ये काजळी धरून ठेवणारं डिटर्जंट जास्त, म्हणून तर डिपस्टिक (ऑइल बघायची पट्टी) लवकर काळी होते. फॉस्फरसही बहुधा जास्त. थोडं ऑइल जळतंच, आणि तो फॉस्फरस जाऊन धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर बसतो. त्यात ५डब्ल्यू-३० मागणाऱ्या इंजिनाला हे जाडच. डब्यावर 'सीआय-४/एसएल' असं दोन्ही (पहिला डिझेलचा दर्जा, दुसरा पेट्रोलचा) असेल आणि जुन्या गाडीचं मॅन्युअल १५डब्ल्यू-४० मान्य करत असेल, तर भरा खुशाल. डीपीएफवाल्या (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असलेल्या) बीएस-६ डिझेल गाडीला मात्र अजिबात नको, जळलेल्या ऑइलच्या राखेनं तो फिल्टर तुंबतो. उरलेलं ट्रॅक्टरलाच टॉपअपला ठेवा की.