मदत हवी आहे: लेकीच्या दुधाच्या दाढेचा एक्स-रे, वाचवायची की काढायची?

मुलगी सात वर्षांची. खालची डावीकडची दुसरी दुधाची दाढ किडलीये. दुखत नाही, पण हिरडीवर बारीक पुळी येते, फुटते, परत येते. एक्स-रेमध्ये दाढेच्या दोन मुळांच्या मधे काळसर डाग आहे. डॉक्टर म्हणाले, तिथलं हाड संसर्गाने झिजलंय. खाली पक्क्या दाताचा कोंब दिसतो, त्याच्याभोवतीही काळी कड आहे. ती मात्र नॉर्मल म्हणे, वाढत्या दाताची पिशवी. मला दोन्ही काळं सारखंच दिसतं!

एक डॉक्टर म्हणतात पल्पेक्टॉमी (दाढेच्या आतली खराब नस काढून पोकळी भरणं) करून स्टीलची कॅप बसवू. दुसरे म्हणतात दाढ काढून स्पेस मेंटेनर (रिकामी जागा धरून ठेवणारी तार) लावा, नाहीतर मागची पक्की दाढ पुढे सरकेल. ही दाढ एरवी १०-१२ व्या वर्षी पडते, म्हणजे अजून बराच काळ आहे. "दुधाचीच तर आहे, जाऊ दे" हा सल्ला कृपया नको, तो घरी सासूबाईंकडून रोज मिळतो.

इथे कोणी लहान मुलांचे डेंटिस्ट आहेत का? हाड झिजल्यावर पल्पेक्टॉमी टिकते का? खालच्या पक्क्या दाताला कितपत धोका? आणि स्पेस मेंटेनर लावलेल्या मुलांच्या आयांनो, चिक्की-चॉकलेटचं कसं जमवता?