प्रतिसाद: पूल्याचा किनारा

दक्षिण इटलीतल्या पूल्या प्रांताच्या किनाऱ्यावर दर दोन दिवसांनी मुक्काम हलवायचा तुमचा बेत वाचला. सामानासकट एवढी धावपळ कशाला? सरळ मोनोपोलीत राहा. बारी-लेच्चे मुख्य रेल्वेमार्गावरचं गाव, किनाऱ्यावरचं पोलिन्यानो गाव पुढच्याच स्टेशनावर. आल्बेरोबेल्लो या शंकूच्या छपरांच्या घरांच्या गावाला सकाळी लवकर जा, टूर बस यायच्या आत. नंतर तिथल्या गल्ल्यांत पाय ठेवायला जागा नसते.

खडकात कोरलेल्या घरांचं मातेरा शहर मात्र अजिबात गाळू नका. बारीहून तिथे छोटी रेल्वे जाते, रविवारचं वेळापत्रक मात्र आधी बघून ठरवा. आणि अंधार पडेपर्यंत थांबाच, त्या घरांत दिवे लागताना बघायला हवेत.

तुम्ही शाकाहारी आहात म्हणून सांगते: तिथल्या पालेभाजीच्या ओरेकिएत्ते पास्त्यात बहुधा अँचोव्ही मासे विरघळवलेले असतात, दिसत नाहीत. आधी विचारा.