६०३ मधून रात्री 'सॉरी सॉरी' कोण म्हणतंय?

बी ६०२ काकू: कोणी जागं आहे का? ६०३ मध्ये काहीतरी चाललंय, साडेनऊपासून घर्रर्र आवाज येतोय मशीन लावल्यासारखा आणि मधून मधून तो मुलगा सॉरी सॉरी सॉरी मा असं म्हणतोय, अर्धा तास झाला, मला तर काळजीच वाटायला लागलीये

बी ५०३ काका: आमच्या बरोब्बर डोक्यावर आहे आवाज. रात्री ड्रिल मारायला परवानगी कोणी दिली?? सेक्रेटरी साहेब, नियम फक्त आम्हालाच का

सेक्रेटरी: परवानगी दिलेली नाही. ६०३ म्हणजे मि. सुब्रमण्यन ना?

ए १०४ ताई: तो दाढीवाला, हिंजवडीला जातो तो? का त्याचे वडील परत आलेत

६०२ काकू: एकटाच आहे हो. मा मा करतोय म्हणजे आईशीच वाजलेलं दिसतंय. पण गुणी म्हणायचा, आईला एवढं सॉरी कोण म्हणतं आजकाल, आमच्याकडे चुकून एकदा म्हणत नाहीत

५०३ काका: बेल वाजवा ना मग

६०२ काकू: मी नाही बाई, मी गाऊनवर आहे

कार्तिक ६०३: नमस्कार सगळ्यांना. मी कार्तिक. हे ड्रिल नाही, ग्राइंडर आहे. आईने कोइंबतूरचा वेट ग्राइंडर पाठवला, आत दगड आहे, मी आणि वॉचमन दोघांनी वर आणला. आता उडीद वाटतो. आई व्हिडिओ कॉलवर बघतो. ती बोलते थोडा पाणी घाल, मी बोलतो सरी मा. ती बोलते गार पाणी, मी बोलतो सरी मा. सरी म्हणजे आमच्यात ओके. सॉरी नाही. पण आवाजासाठी खरा सॉरी 🙏

५०३ काका: एक मिनिट. म्हणजे २ वर्षं तू लिफ्टमध्ये मला सॉरी सॉरी म्हणायचास ते ओके होतं?

कार्तिक: हो काका

५०३ काका: आणि मी दर वेळी इट्स ओके इट्स ओके म्हणत होतो 🤦

कार्तिक: मला वाटायचा तुम्ही कन्फर्म करता

ए १०४ ताई: 😂😂😂 अरे मी झोपलेल्या पोराला उठवलं हसून

६०२ काकू: त्याची भाषाच तशी आहे हो, नवीन आला होता तेव्हा एकदा दुपारी दारात उभा, काकू बात पाहिजे, मला वाटलं बिचारा एकटा पडलाय, कोणाशी तरी बोलायचं असेल, बसवलं सोफ्यावर, पाणी दिलं, आमच्या मुलीच्या बाळंतपणापासून ते तिच्या सासरपर्यंत सगळं सांगितलं, पाऊण तास झाला, तो आपला मान हलवतोय, शेवटी हळूच म्हणतो काकू कुकर बिघडला आहे, थोडा बात. भात रे देवा! मेला उपाशी बसला होता माझ्यासमोर

कार्तिक: काकू आमच्या लिपीत प फ ब भ सगळ्यांना एकच अक्षर आहे. मी काय करणार. पण ळ माझा चांगला आहे. ऑफिसमध्ये दिल्लीवाले केला बोलतात, मी केळं बोलतो

सेक्रेटरी: ते मान्य, ळ उत्तम आहे. कौतुक.

ए १०४ ताई: पण मुळात तुझं नाव कार्तिक तर मग सेक्रेटरी काका सुब्रमण्यन का म्हणतात

कार्तिक: ताई ते अप्पाचा नाव आहे. आमच्यात आडनाव नसतो. वडिलांच्या नावाचा पहिला अक्षर पुढे लावतात, मी एस. कार्तिक. अ‍ॅग्रीमेंटच्या फॉर्ममध्ये आडनाव कंपल्सरी होता, एक अक्षर घेत नव्हता, म्हणून अप्पाला मागे बसवला. तेव्हापासून सोसायटीत अप्पाच राहतात, मी नाही

सेक्रेटरी: अच्छा म्हणून दिवाळीत गेटवर तो घोळ झाला होता. वडील आले, वॉचमनने नाव विचारलं, ते म्हणाले सुब्रमण्यन, हा म्हणतो सुब्रमण्यन साहेब तर आत्ताच वर गेले, तुम्ही कोण? वीस मिनिटं उभं केलं हो त्या गृहस्थांना, आणि ते बरोबर होते, वॉचमनपण बरोबर होता

कार्तिक: अप्पा अजून घरी सगळ्यांना सांगतात, पुण्यात माझी एंट्री माझ्याच नावामुळे अडली

ए १०४ ताई: बरं ते राहू दे, इडलीचं प्रमाण सांग, माझी इडली फेकून मारली तर माणूस जखमी होईल

कार्तिक: आई सांगते ४ वाटी इडलीचा तांदूळ, १ वाटी उडीद, थोडी मेथी. उडीद वेगळा वाटायचा, लोण्यासारखा व्हायला पाहिजे, पाण्यात थेंब टाकला तर तरंगतो. मग मीठ हातानेच कालवायचा. पण ताई मला विचारू नका, आज पहिल्यांदा करतो. २ वर्षं मी पीठ सी २०१ च्या काकूंकडून विकत घेतला

सी २०१ काकू: आणि मी गिऱ्हाइकांना सांगते की आमच्या सोसायटीतला मद्रासी मुलगासुद्धा माझ्याकडूनच पीठ नेतो, म्हणजे बघा किती ऑथेंटिक 😄

कार्तिक: काकू मी कुंभकोणमचा. मद्रास ट्रेनने ६ तास

सी २०१ काकू: तेच ते

कार्तिक: प्रॉब्लेम वेगळा आहे. कुंभकोणमला रात्री पीठ ठेवला तर सकाळी भांड्याच्या बाहेर येतो, आई खाली ताट ठेवते. इथे जानेवारीत ढिम्म. मागच्या आठवड्यात विकतचा पीठपण फुगला नाही, मी माझा ब्लँकेट त्याला दिला आणि स्वेटर घालून झोपलो. सकाळी मला सर्दी, पीठ तसाच

६०२ काकू: अरे वेड्या, ओव्हनमध्ये ठेव बंद करून, आतला दिवा फक्त लावायचा, ओव्हन नाही चालू करायचा. माझ्याकडे आणून दे उद्या, ब्लँकेट कसलं देतोस

कार्तिक: सरी काकू

५०३ काका: इट्स ओके

ए १०४ ताई: 😂

ए ३०१ आप्पा: आत्ता ग्रुप पाहिला. कुंभकोणम म्हणजे तंजावरच्या शेजारीच की, चाळीसेक किलोमीटर. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत भोसल्यांची गादी होती तिथे. बृहदीश्वराच्या देवळात सरफोजीराजांनी १८०३ साली भला मोठा मराठी शिलालेख कोरवला आहे, पाहिला आहेस का रे? बाकी सांबार हे नाव संभाजीराजांवरून पडलं अशी एक कथा आहे, कथाच म्हणा, पण सांगायला बरी वाटते.

कार्तिक: शिलालेख शाळेच्या ट्रिपमध्ये बघितला सर, तेव्हा आम्ही त्याच्यासमोर बसून पुळीयोदरै, म्हणजे चिंचेचा भात, खाल्ला. तेव्हाच थोडा वाचला असता तर काकूंकडे भात मिळाला असता. सांबारची कथा आईला नाही सांगत, ती अजून गोड आमटीमधून बाहेर आली नाही

ए ३०१ आप्पा: हे सर सर काय लावलंयस? अख्खी सोसायटी मला आप्पा म्हणते, तू एकटाच सर. दोन वर्षं मला वाटतंय पोरगा फटकून वागतो.

कार्तिक: नाही नाही सर. अप्पा म्हणजे आमच्यात बाबा. तुम्हाला अप्पा हाक मारली की मला आपोआप वाटतो आता मार्क्स विचारणार. जीभ वळत नाही. अण्णा चालेल का?

ए ३०१ आप्पा: अण्णा म्हणजे मोठा भाऊ ना तुमच्यात? ७४ वर्षांचा आहे मी. चालेल, चालेल.

खजिनदार: विषय निघालाच आहे तर ६०३ ची पार्किंगची पावती माझ्याकडे डिसेंबरपासून पडून आहे, कोणीतरी घेऊन जा

कार्तिक: मी येतो सर उद्या. पावती अप्पाच्या नावावर आहे ना?

खजिनदार: आप्पांच्या? त्यांच्याकडे गाडी कुठे आहे, ते तर सगळीकडे पायी फिरतात

ए ३०१ आप्पा: मी पैसे भरणार नाही.