रुग्णालय सफाईचे कंत्राट: कागद पूर्ण असलेला ठेकेदार खरोखर पात्र आहे का, हे कसे तपासायचे?

गोदाकाठ

१०० खाटांच्या उपजिल्हा रुग्णालयाच्या वर्षभराच्या सफाईची निविदा आहे. अंदाजपत्रकीय रक्कम ९६ लाख. तिन्ही पाळ्या मिळून रोज ३२ सफाई कामगार मागितले आहेत. लिफाफा १ (पात्रतेचे कागद) उघडला आहे, लिफाफा २ (दर) अजून बंद आहे. चार निविदा आल्या.

अनुभवाची अट नेहमीची: मागील ७ वर्षांत अंदाजित रकमेच्या ८० टक्क्यांचे एक तत्सम काम, किंवा ५० टक्क्यांची दोन, किंवा ४० टक्क्यांची तीन. तीन वर्षांची सरासरी उलाढाल किमान ३० टक्के. कागद चौघांचेही वरवर पूर्ण दिसतात: जीएसटी, पीएफ, ईएसआय, आयएसओ, सीएचे उलाढाल प्रमाणपत्र, अनुभवाचे दाखले. पण दोघांचे दाखले खासगी आहेत. त्यातला एक गृहनिर्माण संस्थेचा, वर्षाला ८० लाखांच्या सफाईचा.

समितीत सूर असा आहे की कागद आहेत तर चौघांनाही पात्र करा, पुढे दर ठरवेल. मला ते पटत नाही, पण आक्षेप घ्यायचा तर लेखी आधार लागेल. कागद खरे आहेत की नाहीत हे कार्यालयात बसून कसे तपासता येईल? आणि रुग्णालयाचे काम येते की नाही हे कागदावरून कळते का?

---

आकडेमोड

आधी एक मर्यादा लक्षात घ्या. निविदेत नसलेली अट आता घालता येणार नाही. 'रुग्णालयाचाच अनुभव हवा' असे लिहिले नसेल तर गृहनिर्माण संस्थेचे काम केवळ त्या कारणाने नाकारता येत नाही. मात्र सादर केलेला कागद खरा आहे का, हे पाहण्याचा समितीला पूर्ण अधिकार आहे. चौघांनाही एकाच नमुन्यातले पत्र, एकाच दिवशी, पोर्टलवरूनच पाठवा आणि सारखीच मुदत द्या. उत्तरात येणारा कागद निविदा उघडण्याच्या तारखेआधी अस्तित्वात असलेला हवा. नंतर तयार केलेला दाखला धरू नका.

८० लाखांचा दाखला: या रकमेवर संस्थेने टीडीएस कापलेला असणारच. ठेकेदार कंपनी किंवा भागीदारी असेल तर २ टक्के, म्हणजे १ लाख ६० हजार. एकल मालकी असेल तर १ टक्का, म्हणजे ८० हजार. त्या वर्षाचा २६एएस मागवा, म्हणजे ठेकेदाराच्या नावावर कोणी किती टीडीएस कापला ते दाखवणारे आयकर खात्याचे विवरण. संस्थेच्या नावासमोर एवढी रक्कम दिसली पाहिजे. काम ८० लाखांचे आणि कपात ९ हजारांची असेल तर दाखला कशाचा आहे ते उघड आहे. खासगी दाखला तपासायला याहून सोपा मार्ग नाही. दाखल्यावर छापलेल्या मोबाइलवर फोन करून खात्री करण्यात मात्र काही अर्थ नाही, तो नंबर ठेकेदारानेच दिलेला असू शकतो.

दाखल्यात 'काम चालू आहे' असे असेल आणि तुमच्या अटीत 'पूर्ण केलेले काम' असेल, तर त्या तारखेपर्यंत झालेली रक्कमच धरा, कराराची पूर्ण रक्कम नाही. तुमच्या हिशोबाने ८० टक्के म्हणजे ७६ लाख ८० हजार. सात-आठ महिने चाललेले ८० लाखांचे काम त्यात बसत नाही.

सीएचे प्रमाणपत्र: त्यावर १८ अंकी यूडीआयएन, म्हणजे त्या कागदाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असतो. १ फेब्रुवारी २०१९ पासून प्रमाणपत्रांवर तो बंधनकारक आहे. सनदी लेखापाल संस्थेच्या संकेतस्थळावर तो टाका आणि तिथे दिसणारे आकडे कागदावरच्या आकड्यांशी ताडून पाहा. क्रमांक खरा आणि आकडा बदललेला, असेही असू शकते. सोबत त्याच वर्षांच्या जीएसटीच्या ३बी विवरणांच्या प्रती मागवा. उलाढाल तिथे जुळली पाहिजे.

आयएसओवर फार वेळ घालवू नका. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला मान्यता आहे का एवढे पाहा. आयएसओ ९००१ असणे म्हणजे फरशी स्वच्छ निघते असे नाही.

पीएफ मात्र बारकाईने बघा, कारण पाणी इथेच मुरते. भविष्यनिर्वाह निधीच्या संकेतस्थळावर आस्थापना शोधा, कोड टाका. महिनावार भरणा, जमा झाल्याची तारीख आणि सभासदसंख्या दिसते. भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत हवा. सहा-सहा महिन्यांचा भरणा एकदम, आणि तोही निविदेच्या तोंडावर केलेला असेल, तर या माणसाकडे दरमहा पैसा फिरत नाही असे समजा. सभासदसंख्या दाखल्यांतल्या कामांशी ताडून बघा. दाखल्यांनुसार ९० माणसे लागतात आणि पीएफ ३४ जणांचाच, तर उरलेले कुठे आहेत हे लेखी विचारा.

त्यानंतर एका महिन्याचा पूर्ण ईसीआर (पीएफ भरताना द्यायचे कामगारवार विवरण) मागवा आणि एनसीपी दिवसांचा रकाना वाचा. बिनपगारी दिवस त्यात दाखवलेले असतात. माणूस २६ दिवस राबतो, ईसीआरमध्ये १२ दिवस एनसीपी दाखवले जातात आणि पीएफ अर्ध्यावर येतो. निम्म्याहून जास्त ओळींमध्ये एनसीपी भरलेले दिसले तर त्याच महिन्याचा त्या कामाचा हजेरीपट मागवा. दोन्ही कागद समोरासमोर ठेवले की बोलायला काही उरत नाही.

---

तीन_बादल्या

रुग्णालयाचे काम कागदावरून कळत नाही. निविदेत 'चालू कामाची पाहणी करण्याचा अधिकार' असे कलम असेलच, ते वापरा. पूर्वसूचना न देता सकाळी सात-साडेसातला, पाळी बदलताना जा. सगळ्यांकडे त्याच पाहणीपत्रकाने जा, नाहीतर नंतर भेदभावाची तक्रार येईल.

पर्यवेक्षकाशी बोलू नका, कामगाराला विचारा: 'या कॅनमधून एक टक्क्याचे हायपोक्लोराइट करून दाखवा.' हेच ते जंतुनाशक. कॅन ५ टक्क्यांचा असेल तर १ भाग द्रावण, ४ भाग पाणी. १० टक्क्यांचा असेल तर १ ला ९. मापाचे भांडे नसेल, 'दोन झाकणे टाकतो' असे उत्तर आले, तर त्या ठिकाणी निर्जंतुकीकरण होत नाही. कॅनवरची उत्पादनाची तारीख बघा, कॅन कुठे ठेवलाय ते बघा. हायपोक्लोराइट ऊन आणि उष्णतेने कमजोर होते. गच्चीवर पत्र्याखाली चार महिने पडलेला १० टक्क्यांचा कॅन १० टक्क्यांचा राहत नाही. पातळ केलेले द्रावण रोज ताजे लागते.

मग बादल्या मोजा. एकीत साबणाचे पाणी, दुसरीत साधे पाणी, तिसरीत जंतुनाशक. एकाच बादलीत फडके पिळत संपूर्ण वॉर्ड पुसला जात असेल तर पहिल्या खाटेखालची घाण शेवटच्या खाटेपर्यंत पोचवण्याचे काम चालले आहे. शौचालयाचा आणि वॉर्डाचा मॉप वेगळा, रंगाने ओळखता येईल असा हवा. मॉप उलटे टांगून वाळवलेले दिसले पाहिजेत. बादलीतच ओले ठेवलेले मॉप हे त्या ठेकेदाराच्या कामाचे खरे प्रमाणपत्र. वॉर्डात केरसुणीने कोरडे झाडताना दिसले तर तेही लिहा, धूळ आणि तिच्यासोबत जंतू हवेत उडतात.

रक्त सांडले तर काय करता, हा दुसरा प्रश्न. हातमोजे, वर शोषक कागद किंवा कापड, त्यावर १ टक्का हायपोक्लोराइट, किमान १० मिनिटे थांबायचे, मग उचलून पिवळ्या पिशवीत. 'लगेच पुसून घेतो' हे उत्तर चूक आहे. शौचालयाचे ॲसिड आणि हायपोक्लोराइट एकत्र करतात का, हेही विचारा. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. बंद शौचालयात हे फार धोक्याचे आहे आणि कितीतरी कामगारांना ते कोणी सांगितलेलेच नसते.

जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम: पिवळी, लाल, पांढरा टोचरोधक डबा, निळा. वापरलेल्या सुया, ब्लेड कुठे टाकतो ते दाखवायला सांगा. कचरा हाताळणाऱ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यायची असते. हिपॅटायटिसचे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात, त्यामुळे वर्षाच्या कंत्राटात पहिला डोस रुजू होण्याआधीच हवा. लसीकरणाची नोंदवही मागा. नसेल तर तसे लिहून घ्या.

एक हिशोब कार्यालयात बसूनही करता येतो. शस्त्रक्रियागृह, प्रसूती कक्ष, अतिदक्षता असे उच्च जोखमीचे पाच भाग धरा. प्रत्येकी १० लिटरची बादली, तीन पाळ्या, म्हणजे रोज १ टक्क्याचे १५० लिटर. त्याला १० टक्क्यांचे रोज १५ लिटर, महिन्याला ४५० लिटर लागते. ठेकेदाराने साहित्याच्या यादीत महिन्याला ६० लिटर लिहिले असेल तर तिसऱ्या बादलीत नुसते पाणी असणार. यादी सगळेच जोडतात. ती वाचून बघणारा समितीत कोणीतरी हवा.

यंत्रांचेही तसेच. ५० सेंमी रुंदीचे फरशी घासणारे यंत्र ताशी ३ किमी चालले तर गणिताने १,५०० चौरस मीटर होतात. खाटा, वळणे, टाकी भरणे-रिकामी करणे धरले की प्रत्यक्षात खूप कमी. एका यंत्रावर पूर्ण इमारत दोन तासांत, असे कार्यपद्धतीत लिहिलेले असेल तर ती कार्यपद्धती कुठून तरी उतरवलेली आहे.

---

गोदाकाठ

दोघांचेही आभार. २६एएस आणि ईसीआरचे पत्र उद्याच काढतो. आता दराचा प्रश्न. एखाद्याने लिफाफा २ मध्ये फारच कमी दर भरला तर तो नाकारता येतो का? 'कमीत कमी दर म्हणजे शासनाचा फायदा' असा युक्तिवाद हमखास होणार.

---

दरपृथक्करण

लिफाफा २ उघडण्याआधी स्वतःचा हिशोब करून, समितीच्या सह्या घेऊन नस्तीत ठेवा. उघडल्यावर केलेला हिशोब कोणाला तरी पाडण्यासाठी केला असे म्हणतात.

पद्धत दाखवतो. तुमच्या परिमंडळाचा चालू किमान वेतन दर घ्या. इथे फक्त गणितासाठी मूळ वेतन आणि विशेष भत्ता मिळून १५,००० धरतो.

वेतन १५,०००
पीएफ, मालकाचा हिस्सा आणि शुल्क १३ टक्के: १,९५०
ईएसआय ३.२५ टक्के: ४८७.५०
बोनस ८.३३ टक्के: १,२४९.५०
एकूण १८,६८७

हा एका माणसाचा २६ दिवसांचा खर्च झाला. रुग्णालय ३० दिवस चालते. रोज ३२ माणसे हजर हवी असतील तर पटावर ३७ लागतात. म्हणजे एका जागेचा खर्च १८,६८७ भागिले २६ गुणिले ३०, साधारण २१,५६२. बत्तीस जागांचे महिन्याला ६ लाख ९० हजार. बदली माणूस न धरता हिशोब केला तर ५ लाख ९८ हजार येतात. मधले ९२ हजार कुठून येणार? साप्ताहिक सुटी न देता, किंवा हजेरी ३२ ची लावून २७ माणसे आणून. दर कमी येतो तो बहुतेक वेळा इथूनच.

यात रजावेतन, उपदान (ग्रॅच्युइटी), गणवेश, हातमोजे, रसायने, यंत्रांची झीज, ठेकेदाराचा नफा काहीच धरलेले नाही. ते वर चढवा. जीएसटी वेगळा, तो लागतो की सूट आहे, हे कामाच्या स्वरूपावर आणि साहित्याच्या प्रमाणावर अवलंबून आहे, त्यामुळे चौघांचे दर करपूर्व एकाच पायावर आणून मगच तुलनात्मक तक्ता करा.

आता नाकारण्याबद्दल. कमी आहे म्हणून थेट नाकारू नका. आधी लेखी दरपृथक्करण मागा, बाबवार. ज्या दरात किमान वेतन आणि वैधानिक देणी बसत नाहीत तो दर कायदा मोडल्याशिवाय पाळता येत नाही, हे कारण टिकते. शून्य सेवाशुल्काची निविदा प्रतिसादहीन, म्हणजे विचारात न घेण्याजोगी, मानावी, असे केंद्राच्या खर्च विभागाने २०१४ सालीच सांगितले आहे. राज्याच्या निविदेला ते आपोआप लागू नाही, पण तर्क म्हणून टिपणीत घालता येते.

शासनाच्या फायद्याच्या युक्तिवादाला उत्तर एकच: ठेकेदाराने पगार बुडवला तर तो मुख्य मालकाला, म्हणजे तुमच्या कार्यालयाला, द्यावा लागतो. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या कलम २१(४) मध्ये हे स्पष्ट होते आणि नव्या कामगार संहितेतही तत्त्व तेच आहे. वाचलेले ९२ हजार दरमहा तुमच्या नावावर थकबाकी म्हणून साचत असतात.

करार करताना आणखी एक बघा: विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो. फरक देण्याचे कलम नसेल तर चांगला ठेकेदारही सहाव्या महिन्यापासून माणसे कमी करायला लागतो.

---

मैलापाणी

वर कोणी लिहिले नाही म्हणून. कामाच्या व्याप्तीत 'शौचालये व टाक्या साफ करणे' असे मोघम वाक्य आहे का ते आजच बघा. त्यात सेप्टिक टाकी आली तर ते वेगळे काम आहे. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याच्या कलम ७ नुसार टाकीत किंवा गटारात माणूस उतरवून धोकादायक सफाई करून घेता येत नाही, आणि जबाबदारी फक्त ठेकेदाराची राहत नाही. टाकीतल्या मृत्यूसाठी ३० लाखांची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ठरवली. चौघांपैकी कोणाकडे मैला उपसण्याची सक्शन गाडी आहे? नसेल तर हा भाग नगरपरिषदेच्या गाडीकडून करून घ्या आणि सफाईच्या करारात 'टाकीत उतरणे निषिद्ध' असे स्पष्ट लिहा.

---

गोदाकाठ

वाक्य आहे, अगदी तसेच. उद्याच्या टिपणीत घेतो. आणखी एक: चारपैकी दोन निविदांच्या कार्यपद्धतीत 'निर्जंतूकीकरण' हा शब्द सगळीकडे एकाच चुकीने लिहिलेला आहे. हे धरायचे का?

---

आकडेमोड

धरायचे, पण एकट्या त्यावर थांबायचे नाही. दोन्हींचा सीए एकच आहे का, बयाणा रक्कम एकाच खात्यातून किंवा एकाच शाखेतून लागोपाठ क्रमांकाने भरली आहे का, संचालक किंवा भागीदारांच्या यादीत एकच पत्ता दिसतो का, दोन्ही फाइल्सच्या गुणधर्मांत तयार करणाऱ्याचे नाव आणि वेळ काय आहे, दोन्ही निविदा एकाच आयपी पत्त्यावरून चढवल्या आहेत का, हे पाहा. आयपीची माहिती पोर्टल चालवणाऱ्यांकडून कार्यालयाच्या पत्राने मागवा. यातल्या दोन-तीन गोष्टी जुळल्या तर लिफाफा २ उघडण्याआधी दोघांकडून खुलासा मागवा. उघडल्यानंतर मागवलात तर दर बघून मागवला असे म्हणतील.